मिनिटभराची शांतता

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर वच्छलाबाईंची बस यायची होती, नि पुढच्या बाकावरचं बापलेकीचं भांडण ऐकण्यासारखं होतं. लेकीच्या मांडीवर माईकची पिशवी होती.

"बाबा, सिनेमासाठी आपल्या धानाच्या बांधीतली मिनिटभर शांतता रेकॉर्ड करून राहिली होती मी. काऊन ओरडले तुमी?"

"तुमी सारे गप झाले, तसे पोपट धानावर उतरले. ओरडू नाही तं काय त्यायले जेवू घालू?"

"मले वाटलं, काम गेलं माझं."

"गेलं का?"

"नाही. डायरेक्टर साहेब म्हणे, हाच आवाज ठेवा. पुढच्या सिनेमाले मले बलावलं, तुमालेही आन म्हणे."

"येतो. पण सांगून ठेव त्याले, पोपट उतरल्याबिगर मी ओरडत नाही."