एकेचाळिसावं मिनिट

काकू: खटला हरलो. तीस दिवसांत घर खाली करायचंय. हात वर करा, छातीचं माप राहिलंय.

बाई: काय म्हणालात काकू?

काकू: कुठे काय? हात वर करा. फिल्मचं बक्षीस घ्यायला जायचा कोट आहे, काखेत तंग नको.

बाई: निकाल लागला?

काकू: निकाल कसला! कॉलर रुंद ठेवू की अरुंद?

बाई: काकू!

काकू: छत्तीस. लिहा वहीत. परवा लागला. तुमची ती माझ्यावरची फिल्म लावली होती कोर्टात. पडदे ओढले, आवाज नीट यावा म्हणून शिपायानं पंखाही बंद केला. समोरच्या वकिलानं तर डोळे पुसले.

बाई: पण ती फिल्म तुमच्या बाजूची आहे!

काकू: हो ना. एकेचाळिसाव्या मिनिटाला मी मशीन थांबवते, वर बघते आणि म्हणते, "ही जागा आमची नाहीच." जजसाहेबांनी दोनदा बघितलं. म्हणाले, किती मनापासून बोलल्यात.

बाई: अहो, मी विचारलं होतं, समोरच्यांचं म्हणणं काय आहे? तुम्ही ते सांगत होतात!

काकू: मग तुमचं विचारणं गेलं कुठे?

बाई: कापलं. मी माझा आवाज फिल्ममध्ये ठेवत नाही. बोलणारा माणूस मोठा दिसावा म्हणून.

काकू: दिसले की. भिंतभर दिसले. वळा.

बाई: मूळ चित्रीकरण दाखवू आपण...

काकू: दाखवा.

बाई: ...पुसलं. फिल्म झाली की उरलेलं पुसून टाकायचं, असा आमच्या संशोधनाचा नियम आहे. बोलणाऱ्यांना पुढे त्रास होऊ नये म्हणून.

काकू: फार जपता हो तुम्ही आम्हाला. पाठ ताठ ठेवा.

बाई: मी साक्ष देते. कोर्टाचा अभ्यास करण्यात उभी हयात घालवलीय मी, माझं ऐकतील.

काकू: ऐकलं की. तुमच्या पुस्तकाचं पान निकालाला जोडलंय. "माणूस कोर्टापेक्षा स्वतःच्या घरात खरं बोलतो." खाली तुमचं नाव, सगळ्या पदव्यांसकट.

बाई: मला तो कोट नको.

काकू: बाह्यांचं कापड कापून झालंय. आता नको म्हणून कसं चालेल?

बाई: काकू, काहीतरी करू द्या मला. फेरसुनावणीचा अर्ज लिहिते. कागद द्या.

काकू: मापाच्या वहीतच लिहा, मागच्या पानावर. मी सांगते. नऊ वर्षं तारखांना जातेय, ती भाषा आता माझ्या तोंडात बसलीय. घ्या. "अर्जदार, धंदा शिवणकाम, सव्वीस वर्षे याच खिडकीशी बसून, सादर करते की, एकेचाळिसाव्या मिनिटाच्या आधी सदर बाईंनी एक प्रश्न विचारला होता. तो प्रश्न आता कुठेही उपलब्ध नाही. तरी माननीय न्यायालयाने तो ऐकू आला असे समजावे, आणि पुन्हा ऐकू येईपर्यंत अर्जदाराचे मशीन आहे तिथेच राहू द्यावे, ही नम्र विनंती."