गाडी तुमची, नाव आमचं!

अहो, स्वतःची गाडी, स्वतःच्या दारात उभी, किल्ली खिशात, आणि बसायचं नाही! का? तर नियम! तुम्हाला सांगतो, हे आमच्या भावोजींच्या वाट्याला आलं. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. अगदी सरळ माणूस. राग आला की आधी चष्मा काढून पुसणार, तोवर राग गेलेला... ते असो. धंदा गाड्या भाड्यानं द्यायचा. ड्रायव्हर नाही, नुसती गाडी. किल्ली घ्या, हिंडा, आणून लावा.

बरं चाललं होतं हो! दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी. ठसठस एकच... रस्त्यापलीकडे तसंच दुसरं दुकान. त्याच्या मालकाचं नाव भावोजी तोंडानं घेत नसत, 'समोरचा' म्हणत. समोरच्यानं भाडं उतरवलं की हे उतरवणार, यांनी उतरवलं की तो आणखी... उतरता उतरता दोघंही गुडघ्यावर आले!

अशात एक टायवाला उगवला. मोठ्या कंपनीचा माणूस. "सर, आमची फ्रँचायझी घ्या. गाडी तुमची, नाव आमचं! लोक नाव बघून येतात. समोरचा कुलूप लावून घरी बसेल."

झालं! पुढचं भावोजींना ऐकूच आलं नाही. ताई विचारतेय, "अहो, नाव त्यांचं, मग आपलं काय?" तर म्हणे, "गाड्या आपल्या!" वा! म्हणजे गाड्या यांनी घ्यायच्या, विमा यांनी भरायचा, पंक्चर झालं तर तेही यांचंच, आणि भाडं किती ते ठरवणार कंपनी, वर त्यातला वाटाही नेणार कंपनी. कशाबद्दल? पाटीबद्दल! गाडी तुमची, नाव आमचं!

जुनी पाटी उतरली. प्रत्येक गाडीत कंपनीचं पाळत ठेवणारं यंत्र बसलं. भावोजींना नारिंगी कोट आला, पोटावर बटण लागेना. आणि एक वाक्य पाठ करायचं... "नमस्कार, आपल्या प्रवासात आम्ही आपले सोबती!" येईल त्याला म्हणायचं. पोस्टमन आला, सोबती! ताई डबा घेऊन आली, सोबती! ताई म्हणाली, "हो का? मग सोबती, घरी नळ गळतोय, तो बघा."

आणि बुकिंग? ते फक्त मुख्यालयातून! नेहमीचे हेडमास्तर खुर्चीत बसलेत, गाडी काचेतून दिसतेय, आणि भावोजी म्हणतायत, "सर, तेवढा मुख्यालयाला फोन करा." तिकडे एक दाबा, दोन दाबा, मग नुसतं संगीत... हेडमास्तर उठले, रस्ता ओलांडला आणि समोरच्याकडे गेले!

तशात एका संध्याकाळी भावोजींच्या धाकट्या भावाचा गावाहून फोन. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, उद्या सकाळी ऑपरेशन, सारखं तुझं नाव घेतेय. शेवटची बस निघून गेलेली. ताईनं बॅग भरली, भावोजींनी गाडी काढली, मागे घेत रस्त्यावर आणली, तोच फोन! गोड आवाज...

"नमस्कार, आपल्या प्रवासात आम्ही आपले सोबती! सर, बुकिंग नसताना गाडी हलली. चोरी झाली का?"

"अहो, मीच हलवली! माझीच गाडी आहे!"

"हो सर, गाडी तुमचीच, नाव आमचं."

"मग करा की बुकिंग माझ्या नावावर!"

"सॉरी सर, मालकाला स्वतःच्या शाखेतून गाडी मिळत नाही. जवळची शाखा पुढच्या शहरात आहे."

"तिथं जाऊ कसा?"

"गाडीनं, सर. आणि सुरक्षेसाठी आम्ही तुमचं इंजिन बंद करतोय हं."

बंद! कुठे? बरोब्बर समोरच्याच्या दारात, आडवी! भावोजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला... राग काही जाईना. डोळेच भरून आले हो.

समोरचा बाहेर आला. आता जुंपणार, ताईला वाटलं. त्यानं गाडी बघितली, बॅग बघितली, ताईचा चेहरा बघितला. "काय झालं, वहिनी?" ताईनं सांगितलं. त्यानं आत जाऊन किल्ली आणली आणि भावोजींच्या हातात कोंबली.

"भाडं?" भावोजी पुटपुटले.

"आई काय भाड्यानं मिळते? जा!"

पोचले वेळेवर. ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आल्यावर म्हातारी नारिंगी कोटाकडे बघून म्हणते, "हा कुठला शिपाई? माझा मुलगा कुठाय?"... घ्या! आईलासुद्धा नाव सांगावं लागलं!

परत आल्यावर भावोजी किल्ली द्यायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काही कर, पण फ्रँचायझी घेऊ नकोस बाबा."

त्यानं टेबलाखालून हिरवा कोट काढला. "कालच सही केली. दुसऱ्या कंपनीची. तुझी पाटी बघून घाबरलो रे..."

आता रस्त्याच्या अल्याड नारिंगी, पल्याड हिरवा. गाड्यांची ही रांग उभी, आणि म्हातारीला भेटायला जायचं म्हटलं की ताई फोन कुणाला करते? मला! माझ्याकडे काय आहे? सायकल! परवा ताईला मागे बसवून बसस्टँडवर सोडलं... आणि भावोजी? बॅग घेऊन मागून पळत होते. कोटासकट!