हाताची घडी घातलेली आजी

...आणि वर मलाच म्हणतात, 'आजी, हाताची घडी घाला!' मला! अहो, तुम्हाला सांगते, चौथीपर्यंत शाळा शिकले, चारही वर्षं बाईंनी एवढंच शिकवलं, हाताची घडी, तोंडावर बोट. तेव्हा पट्ट्या खाल्ल्या पण घडी नाही घातली, आणि आता केस पिकायला लागल्यावर घालतेय. कुणापुढं? सख्ख्या नातीपुढं!

हो, सख्खीच! दत्तक असली म्हणून काय झालं? लेक-जावयानं वर्षानुवर्षं वाट बघितली, पार दुसऱ्या देशात जाऊन अनाथालयातून आणली, वर्षाची पोर, गाल असे मऊ... मऊ म्हणजे दिसायला हं, मी कुठं हात लावलाय! विमानतळावरून घरी आली त्या दिवशी मी लेकीच्या दारात दोन्ही हात पसरून उभी, तर जावई मध्ये आडवा. 'आई, थांबा. संस्थेच्या ताईंनी सांगितलंय, पहिले काही महिने उचलणं, भरवणं, झोपवणं, सगळं आम्ही दोघांनीच करायचं.'

म्हटलं, 'मग मी काय करू?'

'तुम्ही... नुसत्या इथं असा.'

असा म्हणजे? मी काय कपाट आहे?

मग त्या ताई आल्या. बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्यात! 'आजी, तिथं तिला रोज वेगळी बाई सांभाळायची हो. जी उचलेल ती आपली. आता तिला आई-बाबांचेच चेहरे पक्के होऊ देत. तुमचे हात फार शिवशिवतात, घडी घालून बसा ना.' शिवशिवणारच! शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात जन्म गेला माझा, कॉलर लावता लावता गप्पा मारते मी, माझे हात रिकामे राहिले तर मला ताप येतो. पण लेकीनं असं बघितलं माझ्याकडं... बसले. हाताची घडी, तोंडावर बोट.

बरं, मी नियम पाळला, पण पोरीला कुणी सांगायचं? ती जगाकडं हात पसरते! पोस्टमन आला, पसर हात. शेजारीण मीठ मागायला आली, पसर हात. आम्ही 'नको, नको' म्हणेपर्यंत उचलतातच, सगळे कसे खूश! 'अगं बाई, कित्ती गोड! अजिबात रडत नाही!' अहो, तेच तर दुखणं आहे! पडली तरी रडत नाही, भूक लागली तरी रडत नाही, आई खोलीतून गेली तर मान वळवून बघतसुद्धा नाही. कशाला बघेल? गेलेली बाई परत येते, हे तिनं कधी बघितलंय?

आणि तो नळवाला! गळका नळ दुरुस्त करायला आला, लेक पिशवीतून पैसे काढेपर्यंत ही त्याच्या खांद्यावर चढली, मान टाकली आणि झोपली की हो! ग्रीसनं माखलेल्या खांद्यावर! तो बिचारा पान्हा हातात धरून पुतळ्यासारखा उभा. 'वहिनी, मी हलू का?' मी म्हटलं, 'हलू नकोस बाबा, तुझ्याइतकं नशीब या घरात कुणाचं नाही.'

मी आपली विनोद करून गेले. लेक हसली नाही. न्हाणीघरात गेली, नळ सोडला... अहो, आत्ताच दुरुस्त केलेला नळ, कळतं की मला नळ कशाला सोडतात ते. बाहेर आली, डोळे लाल, म्हणाली, 'आई, मी आणि नळवाला, तिच्या लेखी सारखेच गं.'

कपडा अंगावर बसला नाही तर उसवावा, परत शिवावा. पोर कुठून उसवू? आणि लेकीला जवळ घ्यायला उठले तर पोर तिच्या मांडीवर, म्हणजे तिलाही हात लावता येईना! परत बसले. हाताची घडी, तोंडावर बोट.

कारखान्यात बायका विचारतात, 'काय गं, नात कशी आहे?' म्हटलं, 'टीव्हीसारखी आहे. लांबून बघायची.'

असे महिने गेले. आणि गेल्या महिन्यात, तुम्हाला सांगते, ताई म्हणाल्या, 'आजी, आज घ्या हं जरा वेळ.' मी हात धुतले, परत धुतले, अंगठ्या काढल्या, टोचतील म्हणून. गेले पुढं, घडी सोडली, हात पसरले... पोरीनं माझ्याकडं बघितलं, ओठ काढला, आणि जे भोकाड पसरलं! आयुष्यात पहिल्यांदा! शेजारीण धावत आली! पोर वळली, लेकीच्या गळ्याला अशी चिकटली की लेकीची माळ तुटली.

लेक मणी सांडत रडतेय, 'आई, तिनं मला धरलं गं!' ताई टाळ्या वाजवतायत, 'छान! परकं माणूस कळलं तिला!'

परकं माणूस कोण? मी!

कळलं का गंमत? पोस्टमन उचलतो, शेजारीण उचलते, नळवाला तर जिवाचा सखा. सगळ्या जगात एकच बाई अशी, जी रोज येते, समोर बसते, डोळे वटारून बघते आणि कधी उचलत नाही. घाबरेल नाहीतर काय करेल?

बरं, यानं सगळं सुरळीत झालं म्हणावं, तर तेही नाही. दुसऱ्याच दिवशी नळवाला रस्त्यात दिसला, लगेच हात पसरले. लेकीचा चेहरा परत पडला. आणि संध्याकाळी तिचा फोन. 'आई, येतेस का गं? तुला बघितलं की ती माझ्याकडं पळत येते. तेवढंच.'

तेवढंच! नातीचे लाड करायला नाही हो, बागुलबुवा व्हायला बोलावते!

जाते. रोज जाते, कारखान्यातून सुटले की थेट. कुणीतरी भूत व्हायलाच पाहिजे, तर घरचं बरं. दारात उभी राहते, पोर किंचाळते, आईच्या कुशीत शिरते, लेक तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघून हसते... आणि मी? आता कुणी सांगायला लागत नाही. हाताची घडी, तोंडावर बोट.