पाखऱ्या आणि जर्मन्या

नाही हो, बिघडलेली नाहीये. ठणठणीत आहे गाडी. या मोशीच्या स्टॉपवर रोज सकाळी कुणी ना कुणी मान वाकडी करून माझ्याकडे बघतं आणि मग सांत्वनाला आल्यासारखं हळूच विचारतं, 'काय समर्थ, परत गॅरेजला का?' अरे, का म्हणून? घरी एवढी जर्मन गाडी असलेला माणूस बसस्टॉपवर दिसला की ती बंदच पडलेली असली पाहिजे, असा काही नियम आहे का? आणि विकलेलीही नाही. विकणार नाही म्हणजे नाही. गाडी पळायसाठी असते, आणि ज्याला हे कळतं त्यानं ती विकायची नसते… आता तुम्ही म्हणाल, मग तू इथे आमच्यात धूळ खात का उभा? सांगतो. चाकणची बस यायला वेळ आहे, तिला कायमच वेळ असतो, तेवढ्यात ऐकून घ्या.

मी शिकायला जर्मनीत होतो. हे मी सांगायची गरज नसते, आमची भावकीच सांगते. मी चप्पल ओळीत लावली तरी 'आला जर्मनीवाला'. तिथे नोकरी मिळत होती, नाही घेतली. का? तर तिथल्या कारखान्यात एकदा एका पार्टचं खोकं उघडलं आणि त्यावर छापलेलं, चाकण. तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, जगभरच्या गाड्यांचे अवयव आपण बनवतो, आकुर्डीत, भोसरीत, चाकणला, तीन-तीन शिफ्टमध्ये, आणि आपण स्वतः काय चालवतो? उंच, पांढरी, पाठीमागच्या काचेवर आडनाव लिहिलेली, आणि घेताना प्रश्न एकच, 'देती किती?' ॲव्हरेज! अरे, ती म्हैस आहे का देती किती विचारायला? गाडी पळायसाठी असते! चांगलं यंत्र बनवणाऱ्या माणसांनी एकदा तरी चांगलं यंत्र चालवलं पाहिजे, हे माझं तत्त्व होतं. तत्त्वासाठी मी परत आलो, चाकणच्या एका कंपनीत लागलो.

तत्त्वाला नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी बघितली. ताथवड्याला एक जुन्या गाड्यांचा विक्रेता आहे. केसांना जेल, हातात फडकं, बोलता बोलता बॉनेटवरून असा हात फिरवतो की बॉनेटलाच संकोच वाटावा. 'सर, सिंगल ओनर. डॉक्टरांची गाडी. फक्त रविवारी काढायचे.' मला सांगा, या शहरातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच कशी असते? आणि हे सगळे डॉक्टर फक्त रविवारी कुठे जातात? पण मी इंजिन चालू केलं आणि… काय सांगू. आठ सिलिंडर. आवाज असा, की कुणीतरी जाड घोंगडीखाली हसतंय. विक्रेत्याचं पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागलेला होता, त्याकडे बोट केलं तर म्हणाला, 'तो असतो सर.'

घरी आणली. घर म्हणजे आमचं मोशीचं जुनं घर, पुढे अंगण, शेजारी गोठा. आईनं, म्हणजे छबूबाईंनी, भाकरतुकडा ओवाळला, नारळ फोडला, मागच्या सीटवर बसली आणि तिथेच राहिली. उठताच येईना. 'आरं, हिरीत उतरल्यावानी वाटतंय,' म्हणाली. आम्ही तिला ओढून काढलं. अण्णा, म्हणजे बबनराव, माझे वडील, गाडीभोवती एक फेरी मारून फक्त एवढंच म्हणाले, की नवी असती तर पेढे वाटले असते. आणि आमचे चुलते, हिंदुरावनाना, ते तर उठलेच नाहीत. ते गोठ्याच्या दारात बसून पाखऱ्याला अंडी पाजत होते.

पाखऱ्या म्हणजे आमचा बैल. शर्यतीचा. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळणारा. पंचक्रोशीत नाव आहे त्याचं. नानांचं लग्न झालेलं आहे, मुलं आहेत, पण तुम्ही त्यांना घरच्यांबद्दल विचारलंत तर ते पाखऱ्याची तब्येत सांगतील.

आणि मग सुरू झालं. आमच्या गल्लीत प्रत्येकानं आपापल्या दारापुढे आपापला स्पीडब्रेकर घातलाय, कुणाचाही कुणाशी मेळ नाही. माझी गाडी प्रत्येकावर पोट घासत, कण्हत कण्हत जायची, की लोक खिडकीत येऊन बघायचे, बाई अवघडलीय का काय. त्यातून हायवेला लागलो की चाकणपर्यंत जॅम! ताशी अडीचशेनं पळणारी गाडी, आणि शेजारून कांद्याचा टेम्पो पुढे जातोय, टेम्पोतला माणूस वर बसून मला टाटा करतोय. मी लेन सोडायचो नाही, हॉर्न वाजवायचो नाही, इंडिकेटर द्यायचो… इंडिकेटर दिला की मागचे खूश व्हायचे, त्यांना कळायचं कुठली फट आधी भरायची ते. पण मी खचलो नाही. गाडी पळायसाठी असते, रस्ता नसेल तर रस्ता मागायचा.

आणि रस्ता होता! हेच तर दुःख आहे. आमच्या शिवारातून एक नवा मंजूर रस्ता गेलाय, तुम्ही बघितलाय, सिमेंटचा, सरळसोट, मध्ये दुभाजक, दुभाजकात झाडं. चाकणच्या बाजूनं हायवेला मिळाला असता तर तुम्ही, मी, हे मागे उभे आहेत ते काका, सगळे जॅम टाळून आरामात गेलो असतो. पण तो अचानक संपतो. समोर कांद्याचं वावर. वावर कुणाचं? हिंदुरावनानांचं. जागा देत नाहीत. मी नानांना समजावायला गोठ्याच्या भिंतीवर चक्क प्रोजेक्टर लावला. नकाशे, तक्ते, किती माणसांचे किती तास वाचतील, सार्वजनिक हित म्हणजे काय. नानांनी शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, पाखऱ्याच्या डोळ्यावर उजेड येतोय, ते बंद कर.

तर, पिवळा दिवा. तो लाल झाला. भोसरीतल्या एका नामांकित गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि देवघराचं दार लावावं तसं हळुवार बंद केलं. म्हणाला, पार्ट जर्मनीहून मागवावा लागेल. मागवला. वाट बघितली. गाडी तोवर अंगणात, वर कोंबड्या. शेवटी खोकं आलं. कंपनीत आलं, म्हणून माझा मित्र बुद्धरत्न, आमच्याच चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे, पिंपरीचा, कधी हसत नाही असा माणूस, त्याच्यासमोरच उघडलं. त्यानं पार्ट उलटा केला, सुलटा केला. 'भावा,' म्हणाला, 'हा माझ्या हातचाय. हा शिक्का बघ. मी पाठवला, तू परत बोलावलास. उगाच बिचाऱ्याला फिरवलंस.'

म्हणजे माझ्यापासून तीन टेबलं पलीकडे तयार झालेलं नळकांडं समुद्र ओलांडून जाऊन परत माझ्याकडे आलं होतं! दुसरा कुणी असता तर हरला असता. मी म्हटलं, बघा, माझंच तत्त्व सिद्ध झालं. ही गाडी आपलीच आहे!

तरी ती पुन्हा पुन्हा बंद पडली. सपाट ट्रकवर चढवून गल्लीतून घरी आणायची म्हणजे काय, वरातच. लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. एकानं तर हात जोडले. तिसऱ्या वरातीला मात्र अण्णा दारात उभे होते. ते ओरडत नाहीत, तेच वाईट. म्हणाले, 'समर्थ, जत्रेच्या आत हिला गिऱ्हाईक बघायचं. न्हाईतर मी बघतो.'

आणि बघितलंही त्यांनी. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळीच एक निरंजन म्हणून गृहस्थ वाकडहून हजर. आयटीतले. गाडी नुकतीच दुरुस्त होऊन आलेली, धुतलेली, उन्हात चमकत होती. अख्खी भावकी अंगणात होती, कारण पलीकडे जत्रेतल्या शर्यतीसाठी पाखऱ्याला धुणं चाललं होतं. निरंजननी विचारलं, 'का विकताय?' मी म्हटलं, मी विकत नाहीये. आणि मग मी सुरू झालो. तुम्हाला सांगतो, आयुष्यात एवढा पोटतिडकीनं बोललो नसेन. सस्पेन्शन, वजनाचा समतोल, सुरक्षितता… म्हटलं, अण्णा, ही उपयोगाची गाडी आहे हो, डिकी मोठी आहे, कांद्याच्या दोन गोण्या बसतात!

इथे चुकलो. उपयोगावर गेलो. भावकी तुटून पडली ना. कुणी म्हणालं, आठ दिवस पळती न् महिनाभर बसती. कुणी म्हणालं, खायला किती लागतं हिला. आणि नाना, एका हातात बदामाची पिशवी, दुसऱ्या हातानं पाखऱ्याला खरारा करत, मागे वळून न बघता म्हणाले, 'आरं, जी कामाला न्हाई ती दारात कशाला?'

बास. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, 'नाना, पाखऱ्यानं किती एकर नांगरलंय?'

आईनं तोंडाला पदर लावला. पण मी थांबतोय कसला! म्हटलं, दूध देतो का तो? गाडीला जुंपून मार्केटला नेलाय का कधी? दूध पितो, अंडी खातो, बदाम खातो, त्याला पंखा आहे, मच्छरदाणी आहे, डॉक्टर घरी येतो, आणि वर्षातून चार वेळा घाटात जाऊन बारा सेकंद पळतो. बारा सेकंद! त्याला कुणी विचारलंय, देतो किती? नाही ना? मग? तो पळायसाठी आहे. गाडीपण पळायसाठी असते!

नानांनी खरारा खाली ठेवला. टोपी काढली, झटकली, परत घातली. मला वाटलं, आता कानाखाली बसते. ते चालत गाडीपाशी आले, आणि पहिल्यांदा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हं, तिच्यापुढे उकिडवे बसले. चाकं बघितली. रुंदी बघितली. छातीवरून, म्हणजे बॉनेटवरून, हात फिरवला. मग मला विचारलं, 'किती सेकंद?'

म्हटलं, उभ्या जागेवरून शंभरला, साडेचार.

'साडेचार,' नाना म्हणाले. कुणाला नाही, स्वतःलाच. मग निरंजनकडे वळून अगदी अदबीनं म्हणाले, 'पाव्हणं, च्या घिऊन जावा. हे जातिवंत हाय. हे आमी इकत न्हाई.'

आणि अण्णांची काय टाप आहे थोरल्या भावापुढे बोलायची!

पण बघितल्याशिवाय मानतील ते नाना कसले. जत्रा उरकली की बारी, म्हणजे शर्यतीची धाव, लावायची म्हणाले. कुठे? तर त्या नव्या, न उघडलेल्या रस्त्यावर. मी म्हटलं, नियमानं करायचं, रस्त्यावर चिटपाखरू नको, सगळे दोराच्या मागे, नाना तुम्ही बेल्ट लावायचा. आणि काय सांगू तुम्हाला, माझं लेनचं कुणी ऐकलं नव्हतं, पण बारी म्हटल्यावर अख्खी भावकी दोर धरून दुभाजकाच्या सरळ रेषेत उभी! घाटात शिकलेली शिस्त. मी तर भारावलोच.

नाना शेजारी. बाहेर कुणीतरी उपरणं खाली पाडलं, आणि मी दाबली.

साडेचार सेकंद. मग ब्रेक. समोर नानांचे कांदे आणि आम्ही यांच्यात भरपूर अंतर शिल्लक. नानांची टोपी मागच्या काचेला चिकटलेली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, कारण परत आल्यापासून पहिल्यांदा ती पळाली होती. पळाली हो! नानांनी मागे वळून टोपी काढली. मग हळूच म्हणाले, 'पाखऱ्याला सांगू नगंस.'

उतरले, आणि भंडाऱ्याची अख्खी पिशवी तिच्यावर उधळली. हवेच्या जाळीत गेला तो अजून निघतोय, एसी लावला की पिवळा वारा येतो. आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. नाव ठेवलं, जर्मन्या. अण्णांनी पेढे वाटले.

जिंकलो ना मी? मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन किल्ली शोधतोय, तर किल्ली नाही. गाडीही नाही अंगणात. ती गोठ्यात. पाखऱ्याशेजारी. खाली रबराची चटई, वर पंखा, पुढे लिंबू-मिरची. नाना दारात खुर्ची टाकून बसलेले. म्हटलं, नाना, कंपनीत जायचंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी पाखऱ्याला खाटकाकडे न्यायला आलोय. 'आरं, हे पळायचं जनावर,' म्हणाले. 'शर्यतीचा बैल कुणी चाकणला धक्के खायाला नेतं व्हय?'

आता बोला! माझंच वाक्य! गाडी पळायसाठी असते, हे मी घसा फोडून सांगत होतो तेव्हा कुणाला पटत नव्हतं, आणि आता अख्ख्या भावकीला इतकं पटलंय की मला चालवू देत नाहीत. महिन्यातून एकदा काढतात, बारी होते, पुसून परत आत.

आणि तो रस्ता… नाही, ते राहू दे. विचारू नका. बरं, सांगतो, पण शांतपणे ऐका. नाना माझ्या प्रोजेक्टरनंतर थोडे विरघळले होते म्हणे, जत्रा झाली की जागेची सही करणार होते. आता म्हणतात, अजिबात नाही. रस्ता उघडला की ट्रॅफिक येणार, मग जर्मन्या पळणार कुठे? आपला घाट आहे तो.

म्हणजे हो, काका, तुम्ही रोज जॅममध्ये बसता ते… तसं बघितलं तर… माझ्या तत्त्वामुळे.

ती बघा बस आली. चढा, चढा, आधी तुम्ही चढा. मी आपला दारात लोंबकळतो.