डावीकडचा फोटो

—अहो, बूट काढून चढा काट्यावर, बुटांचं वजन कशाला माझ्या माथी मारता? हां. आणि पोट आत ओढू नका. काट्याला पोट दिसत नाही, मला दिसतं. मी कुणाला सांगणार नाही — सगळ्यांना आधीच दिसलेलं असतं. सत्त्याण्णव किलो. लाजताय कशाला, स्वकष्टार्जित आहे! काय म्हणालात, घराण्यातच आहे? सगळ्यांच्याच घराण्यात असतं हो. खाणारं घराणं असतं, म्हणून जाडं घराणं असतं. आणि त्या टेबलावरच्या डब्याकडे बघू नका. क्रीमचे केकच आहेत, नाक शाबूत आहे तुमचं. पण ते तुमच्यासाठी नाहीत.

उतरू नका, अजून मापं घ्यायचीत. हात वर. तर ऐका — उपाशी राहायचं नाही. उपाशी राहून वजन उतरतं, नाही कोण म्हणतो? पण चरबीबरोबर स्नायूही जातात आणि माणूस ओल्या टॉवेलसारखा लोंबतो. जेवण थोडं कमी, फार नाही. प्रत्येक जेवणात अंडी, मासे, दही, असलं काहीतरी. आणि आठवड्यातून तीनदा लोखंड उचलायचं — दर आठवड्याला मागच्यापेक्षा जरा जास्त. झालं, संपलं शास्त्र. ती पळायची यंत्रं? त्यांवर मी टॉवेल वाळत घालतो. पटत नाही? मग भिंतीवर बघा. डावीकडचा एकशे अठरा किलो, उजवीकडचा अठ्ठ्याहत्तर. दोन्ही मीच. ही जिम खांबांवर उभी नाही, त्या दोन फोटोंवर उभी आहे. येणारा प्रत्येक जण आधी डावीकडच्याला हसतो आणि मग उजवीकडच्याचं ऐकतो.

काय बघताय एवढं निरखून? कान? कानाचं काय? — हो, डावीकडच्याची पाळी फाटलेली आहे. लहानपणी कुत्रं चावलं. आणि माझी अखंड आहे, कारण मी ती शिवून घेतली. कुठे म्हणजे? डॉक्टरकडे, शिंप्याकडे शिवतात का कान? खूण राहत नाही हल्ली. — कोण? अस्साच फाटका कान? तळ्यावर? रोज सकाळी, दोन हातांत वाळू भरलेल्या बादल्या घेऊन? — अच्छा. म्हणजे ओळखता तुम्ही त्याला. आधी सांगायचं ना मग, मी आपला बसलोय मापं घेत.

बरं. दादा आहे माझा. अकरा मिनिटांनी मोठा. चेहरामोहरा एकच, पण मध्ये चाळीस किलो आले की जुळे भाऊ लांबचे नातेवाईकसुद्धा वाटत नाहीत. मी कधीच जाडा नव्हतो. हाडांचा सापळा होतो, अंगावर एवढं चढवायला सात वर्षं गेली — पण सापळ्याचा फोटो बघून पोटवाले येतात का? म्हणून त्याला म्हटलं, दादा, शर्ट काढ, पोट सैल सोड. काढला. कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. त्याला नाही म्हणताच येत नाही, जन्मापासूनच. जगात यायलाही मी त्यालाच पुढे घातला.

मग त्याच्या हृदयाचं निघालं काहीतरी. डॉक्टरांचा कागद घेऊन इथेच आला, चष्मा घरी विसरून. मीच वाचून दाखवला. औषधं वाचली, तारखा वाचल्या. 'वजन त्वरित उतरवा' याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या — रेघा काय वाचून दाखवायच्या असतात? तर म्हणाला, धाकट्या, मलाही शिकव ना. मी म्हटलं, दादा, तुझं हाडच जड आहे. हसू नका, मघाशी तुम्हीही घराणंच पुढे केलंत! त्याला पटलं. मला वाटलं, पटलं. नुसता त्या कोपऱ्यात बसायचा, मी इतरांना शिकवायचो ते ऐकत. आणि पहाटे, स्वतःच्या किल्लीनं दार उघडून, उचलत होता की हो! वीस किलो उतरवले. वीस! माझ्या हाताखालून गेलेल्यांत एकानंही एवढे — असो. एके दिवशी दारात एका बाईंनी त्याला नमस्कार केला, 'सर, उद्या येते' म्हणाल्या. मला समजून. त्याच दुपारी मी कुलूप बदललं. नाही, तुम्हीच सांगा — तो आणखी वीस किलो उतरला तर गावात उजवीकडचे दोन होतील आणि डावीकडचा एकही नाही. मग त्या भिंतीवर काय लावू, आरसा?

काय? त्यानंच पाठवलंय तुम्हाला? इथे? — काय म्हणाला? 'माझ्या धाकट्यासारखा शिकवणारा शोधून सापडायचा नाही'? असं म्हणाला? आणि कुलपाचं? कुलपाबद्दल काही — काहीच नाही?

हं.

उतरा. उतरा आता काट्यावरून. परवा संध्याकाळी सहाला या, रिकाम्या पोटी नको, दोन अंडी खाऊन या. साखर आजपासून बंद, चहातलीसुद्धा. आणि हा डबा घ्या. अहो, तुम्हाला नाही, सांगितलं ना! दादाला. रोजच पाठवत होतो, हल्ली वहिनी दारातूनच परत करते. उद्या तळ्यावर भेटेल ना तो — म्हणावं, धाकट्यानं आठवणीनं दिलाय. आणि हातात देऊन निघून येऊ नका, समोर उभे राहून खायला लावा. तो नाही म्हणायचा नाही.

या आता. जाताना दार ओढून घ्या. जरा जोरात, कुलूप नवीन आहे.