भोंगा वाजला की

अर्नाळ्याच्या बसथांब्यावर निवृत्त शिक्षिका सुरुचीताई रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढेच कोळीवाड्यातल्या मायलेकींची जुंपली होती.

"गोल्फच्या मैदानात विमान उतरतं? हे कोनाचं डोकं?"

"छोटा विमानतळ आहे, आई. धावपट्टी आणि मैदान एकाच आवारात. आज संघाची निवड आहे, मी जाणारच."

"अन् तू खेळताना विमान आलं तर?"

"भोंगा वाजतो. चेंडू असेल तिथे सोडून कडेला पळायचं. विमान गेलं की तिथूनच पुढे खेळायचं."

"तू पळशील, ऋतिका? किनाऱ्यावर खेळताना भरतीचं पानी कमरेला लागलं, तरी चेंडू सोडला नाहीस."

"तेव्हा लहान होते गं."

"गेल्या शिमग्याची गोष्ट ती!"

रांगेत हसू फुटलं. सुरुचीताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"मग आत्ताच बघ माझी परीक्षा घेऊन."

"घे ही छत्री. मार टोला."

ऋतिकाने छत्री उगारली.

"भोंगा!"

पण तिने टोला पुरा केला आणि मगच ती पळाली.

"मेलीस. परत!"

सुरुचीताई दोन पावलं मागे सरकल्या. त्यांना बघून मागची रांगही सरकली.

"भोंगा!"

"आता सोडली ना छत्री?"

"मारून सोडलीस. परत!"

ऋतिकाने दात-ओठ खात पुन्हा छत्री उगारली. तेवढ्यात वळणावरून बस आली आणि ड्रायव्हरने कर्कश हॉर्न दिला. उगारलेली छत्री तिथेच टाकून ऋतिका थांब्यामागच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

आईने छत्री उचलली, पदराने पुसली.

"हां. चढ आता."