मंत्र्याच्या लग्नातलं पहिलं गाणं

आमच्या आबिजानमध्ये याकुबा आणि सेनुफो जमातीच्या बायका भेटल्या की थट्टेच्या शिव्या ठरलेल्या; जुनी रीतच आहे, रागवायचं मात्र नाही! बसच्या रांगेत माझ्यापुढेच दोघी जुंपल्या.

“काय गं याकुबा, माझी गुलाम! तुझा रेगेवाला तिआ आज मंत्र्याच्या लग्नात गाणार म्हणे?”

“गाईल! तुझ्या का पोटात दुखतं, सेनुफो?”

“त्याचं ‘कोठड्या उघडा’ हे गाणं चौकात गायला म्हणून माझा लेक झांगा चार महिने तुरुंगात आहे. याच मंत्र्यानं टाकलाय. हस ना, मस्करीच चाललीये!”

“ही मस्करी नाही, बाई.”

“नाहीच!”

याकुबा बाईनं तिथल्या तिथे लेकाला फोन लावला.

“तिआ, आज पहिलं ‘कोठड्या उघडा’ म्हणायचं. मंत्र्याच्या तोंडावर! काय? पकडतील? पकडू देत. दोघांचा डबा मी आणीन.”